विंगेतली कुजबुज

गप्प राहण्यात तिचा फायदा होता, आणि तो लहानसहान नव्हता. येत्या शुक्रवारी कुलसचिवपदाची मुलाखत होती, आणि उपकुलसचिव म्हणून इतकी वर्षं घासल्यावर त्या खुर्चीत तीच बसणार असं विद्यापीठातले सगळे, अगदी तिचं वाईट चिंतणारेही, धरून चालले होते. खुर्ची उंच पाठीची होती. तिच्यामागे रुंद खिडकी होती, आणि खिडकीतून ग्रंथालयाच्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर बसून अभ्यास सोडून बाकी सगळं करणारी मुलं दिसत. त्या खोलीला स्वतःचं दार होतं आणि दाराला पितळी मूठ. तिच्या आत्ताच्या जागेला तीन बाजूंनी छातीइतकी काच होती आणि चौथ्या बाजूला झेरॉक्सचं मशीन. शिवाय ‘उप’ गेला असता. हा ‘उप’ तिला इतका चिकटला होता की दादासुद्धा कुणाला तिची ओळख करून देताना जरा अडखळायचा आणि मग ‘युनिव्हर्सिटीत मोठ्या पोस्टवर आहे’ म्हणून वेळ मारून न्यायचा. आणि हे सगळं पदरात पडायला तिने करायचं काय होतं? काहीच नाही. नेमकं तेच तिला सगळ्यांत चांगलं जमायचं. शुक्रवारी मुलाखत घेणारे कुलगुरू आज तिच्या डाव्या हाताला बसले होते, समोर एक मुलगी उभी होती, आणि तिने इतिवृत्तात एकच वाक्य लिहायचं होतं: विद्यार्थिनीला आणखी काही सांगायचे नाही. ते वाक्य लिहायच्या आधी तिचे ओठ हलले.

हजेरी समितीचं काम तसं सोपं. वर्गात पुरेसे दिवस न आलेल्या मुलांना एकेक करून आत बोलवायचं, दोन प्रश्न विचारायचे आणि पटावरून नाव कमी करायचं. कुलगुरू अध्यक्ष, चार अधिष्ठाते सदस्य आणि ती सचिव. सचिवाला बैठकीत हात असतो, तोंड नसतं. नाव कमी होण्यातून सुटायची एक वाट नियमांत होती. मुलाने स्वतःच्या तोंडाने मागितलं तर समिती त्याचं सत्र राखून ठेवू शकत असे, म्हणजे जिथे सोडलं तिथून, त्याच वर्गात, पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बसता येई. मात्र न मागितलेलं समितीला देता येत नसे, आणि काय मागता येतं हे मुलांना कुणी सांगत नसे. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. शेवटी अध्यक्षांनी ‘आणखी काही सांगायचं आहे का’ असं विचारायचं, अशी आपली पद्धत पडून गेली होती. ज्यांचा मामा कुठल्यातरी कार्यालयात होता ती मुलं ‘सत्र राखून’ हे शब्द घोकून यायची आणि सुटून जायची. बाकीची ‘नाही, सर’ म्हणायची, वर ‘थँक यू’ही म्हणायची. ते ‘थँक यू’ इतिवृत्तात लिहावं लागत नसे, एवढीच तिच्यावर मेहेरबानी.

आजची मुलगी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची. उंच होती, आणि उंचीबद्दल माफी मागत असल्यासारखी मान पुढे काढून उभी होती. आईचं इस्त्रीचं दुकान, आई जिन्यावरून पडली, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ही दुकानात, असं तिने सांगितलं आणि सांगून झाल्यावर हात पाठीमागे नेले. पण त्याआधी तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला इस्त्रीच्या टोकाचा तांबूस डाग सचिवाला दिसला होता. टेबलाभोवती पाच कडक इस्त्रीचे शर्ट बसले होते आणि त्यांच्यातल्या एकानेही आपल्या कॉलरकडे पाहिलं नाही. एका अधिष्ठात्याला सगळं विद्यापीठ ‘मुद्दा’ म्हणायचं, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. तो म्हणाला की मुद्दा असा, कारण सहानुभूतीचं आहे, पण कारण सांगणं म्हणजे मागणं नव्हे. तो बहुतेक वेळा बरोबर असायचा, हीच त्याची मोठी अडचण होती. मग कुलगुरूंनी आपला ठरलेला प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, ‘मला…’ आणि थांबली. तिचे खांदे हळूहळू वर चढले, कानांच्या दिशेने. आणि तेव्हा सचिवाच्या ओठांनी, तिला न विचारता, आवाज न करता, पुढचा शब्द दिला: राखून. मुलीने तो पाहिला. तिची नजर त्या ओठांवर येऊन अडकली, पाय कशात अडकावा तशी. तेवढ्यात कुलगुरूंना फोन आला, ते म्हणाले, निर्णय जेवणानंतर, आणि चष्मा पुसत उठले. चष्मा त्यांच्या हातात होता, म्हणजे त्यांना दिसलं नसणार. की चष्मा पुसायचं कारणच ते होतं?

काचेच्या मागे येऊन तिने डबा उघडला आणि पुन्हा लावून ठेवला. ओठ तिने रुमालाने पुसले, जणू त्यांना काही लागलं होतं. तिला भीती वाटत होती आणि भीतीखाली आणखी काहीतरी होतं, जुनं, ओळखीचं, निळ्या रंगाचं. निळ्या रंगाचं का, हे तिला लगेच कळलं. कॉलेजात विंगेत बसायची तेव्हा बॅटरीला निळा कागद लावलेला असायचा, उजेड स्टेजवर जाऊ नये म्हणून. एका उलट्या खोक्यावर बसायचं, मांडीवर संहिता, नाकात ओल्या रंगाचा आणि पडद्याच्या धुळीचा वास, आणि एका डोळ्याने नट, एका डोळ्याने ओळ. अभिनय करायला गेलीच नव्हती ती. मैत्रिणीने ओढून नेलं होतं. नाटक बसवणाऱ्या सरांनी दोन वाक्यं वाचायला लावली आणि म्हणाले, हिचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जायचा नाही, हिला विंगेत बसवा. तिथे तिला कळलं की जगात काही माणसं बोलण्यासाठी असतात आणि काही त्यांना काय बोलायचं ते सांगण्यासाठी, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसांना चुकूनही फुलं मिळत नसली तरी पहिल्या प्रकारच्या माणसांचं त्यांच्यावाचून पान हलत नाही. मुलांनी तिचं नाव ‘कुजबुज’ पाडलं. ते तिला आवडलं होतं. त्याआधी तिला कुणी कुठलंच नाव पाडलं नव्हतं.

प्रॉम्प्टरचं खरं काम ओळ सांगणं नाही. ओळ काय, वाचता येणारं कुणीही सांगेल. नट थांबला की तो पॉज घेतोय की विसरलाय, हे ओळखायचं, आणि तेही श्वास घ्यायच्या आत. पॉजमध्ये ओळ टाकली तर प्रवेश मेला, विसरल्यावर नाही टाकली तर नट मेला. हे ओळखायचं कसं, ते तिला कुणी शिकवलं नाही. तालमी बघता बघता तिचं तिलाच सापडलं. पॉज घेणाऱ्याचा श्वास खाली असतो, पोटात, आणि खांदे सैल. विसरलेल्या माणसाचा श्वास खांद्यांत चढतो. चेहऱ्यावर काही दिसत नाही, नट चेहरा सांभाळतात, पण खांदे सांभाळायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. महिनाभर ती कधी चुकली नाही. मग स्पर्धेचा दिवस आला. तिसऱ्या अंकात नायिका, म्हणजे तिला ओढून नेणारी तीच मैत्रीण, दाराशी जाऊन थांबली. खांदे वर गेले. तिने स्पष्ट पाहिले. ओळ टाकली. नेमकी त्या वेळी थिएटरात टाचणी पडेल अशी शांतता होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला. लोक हसले. बक्षीस गेलं. पडदा पडल्यावर मैत्रीण रडत म्हणाली की मी पॉज घेतला होता, मुद्दाम, मोठा, आजच सुचला होता. सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं: ‘पॉज कळत नाही, ती प्रॉम्प्टर कसली?’ खांदे वर गेलेले तिने पाहिले होते, पण जिचे खांदे होते तीच सांगत होती की ते तसे नव्हते. मग खोटे कोण, खांदे की डोळे? तिने डोळ्यांच्या नावावर चूक मांडली आणि विषय मिटवला.

म्हणजे मिटवला असं तिला वाटलं. खरं तर त्यावरच तिची सगळी नोकरी उभी राहिली. विद्यापीठात ती साधी लिपिक म्हणून लागली, आणि पहिल्याच दिवशी दप्तरखान्यातला धुळीचा वास घेताना तिला वाटलं, ही विंगच आहे, फक्त पगारी. कुलगुरू आले, गेले. दीक्षान्त समारंभात प्रत्येकाची भाषणं तिने लिहिली आणि प्रत्येकाच्या तोंडी ती शोभली. सभांमध्ये ती त्यांच्या उजव्या बाजूला बसायची. ते किंचित कलायचे, ती दोन शब्द पुटपुटायची, आणि ते शब्द टेबलावरून भारदस्त होऊन फिरायचे. पण विचारल्याखेरीज तिने कधी पुटपुटलं नाही. कलले तर सांगायचं, नाही कलले तर गप्प. खांदे बघायचे नाहीत. तिच्या पोटात गोष्ट राहते, असं लोक म्हणायचे, आणि बढत्या त्यावरच मिळाल्या. समितीसमोर अशी किती मुलं अर्ध्या वाक्यावर थांबली असतील? तिने डोळे कागदावर ठेवले होते. हा मुलांचा पॉज असेल, आपल्याला काय कळतं, असं मनाशी म्हणायची सोय तिला कॉलेजनेच करून दिली होती. इतकी स्वस्त आणि इतकी टिकाऊ सोय बाजारात सहसा मिळत नाही.

मशीनने एक कागद बाहेर टाकला आणि त्याच वेळी फोन वाजला. वहिनी होती. वहिनी म्हणजे तीच, तिसऱ्या अंकातली नायिका. तालमीला घरी यायची, दादा दार उघडायचा, आणि दार उघडता उघडताच तो कामातून गेला. लग्न झाल्यावर ‘आता मला नावाने हाक मारलीस तर याद राख’ असं तिनेच गमतीत बजावलं होतं, आणि गमतीतलं ते तसंच राहून गेलं. शुक्रवारी काय घालणार, हे वहिनीला जाणून घ्यायचं होतं. राखाडी घालू नकोस, भिंतीत मिसळतेस, माणसं तुझ्याऐवजी कपाटाशी बोलतील. शिवाय दादा कुलसचिवाचा भाऊ म्हणून चालायची आत्तापासूनच सवय करतोय, जिन्यात दोन पायऱ्या खाली थांबून सगळ्यांना आधी जाऊ देतो. ती हसली नाही हे वहिनीच्या लक्षात आलं.

‘काय झालं गं, कुजबुज?’

‘वहिनी, स्पर्धेतला तो पॉज आठवतो?’

‘कुठला पॉज?’

‘तिसऱ्या अंकातला. दाराशी. मी मध्येच ओळ टाकली तो.’

पलीकडे काहीतरी चावल्याचा आवाज झाला आणि मग हसण्याचा. ‘अगं, कसला पॉज घेऊन बसलीस. पार ब्लँक झाले होते मी. समोर नुसता काळोख आणि त्यात परीक्षकांचं टक्कल.’

‘पण तू तर म्हणालीस…’

‘म्हणाले असेन. सरांना काहीतरी सांगायला नको? तेव्हा आपण काय वाट्टेल ते बोलायचो. तू ओळ टाकलीस म्हणून मी तो अंक संपवला तरी, नाहीतर दार उघडून सरळ घरी गेले असते. तुझ्या दादाला तर मी लग्नाआधीच सांगितलं होतं. तुला माहीत नव्हतं?’

‘नाही.’

‘कमाल आहे. इतकी वर्षं शेजारी बसून जेवतेस, कधी विचारायचं नाही का?’

न मागितलेलं देता येत नाही. हा नियम घरीही लागू होता तर. फोन ठेवल्यावर तिला राग यायला हवा होता, आणि येईल म्हणून तिने थोडा वेळ वाटही पाहिली. पण राग आला नाही. एक वेगळीच गोष्ट घडली. तिला त्या दाराशी उभ्या मैत्रिणीचे खांदे पुन्हा दिसले, निळ्या उजेडात, हळूहळू वर चढणारे, आणि या वेळी त्यांना कुणी पुसून टाकलं नाही. तिने बरोबर पाहिलं होतं. ती तेव्हा अठरा वर्षांची होती, आणि बरोबर होती, आणि त्यानंतर आयुष्यभर सावधपणे चूक राहिली होती. मशीनची ऊब तिच्या पाठीला लागत होती. तिने डबा पुन्हा उघडला आणि सगळं संपवलं, भूक लागलेल्या माणसासारखं.

जेवणानंतर मुलगी आत आली तेव्हा कुलगुरू कागद पुढे ओढत होते. समितीचं मत झालेलं दिसतं, असं ते म्हणाले, आणि ‘मुद्दा’ने मान हलवली. तिच्या हातात पेन होतं. तिने ते टेबलावर आडवं ठेवलं.

‘सर, प्रश्न पुन्हा विचारावा लागेल,’ ती म्हणाली.

आवाज तोच होता, बारीक. पण खोली थिएटराएवढी नव्हती, त्यामुळे तो सगळ्यांपर्यंत गेला. कुलगुरूंनी आधी मागे पाहिलं, कोण बोललं म्हणून. ती पुढे म्हणाली की सकाळी विद्यार्थिनीचं वाक्य पूर्ण झालं नव्हतं, आणि अर्धं वाक्य म्हणजे ‘काही सांगायचे नाही’ असं तिला लिहिता येणार नाही. शिवाय काय मागता येतं तेच मुलीला ठाऊक नाही. ते सांगायचं काम कुणाचं, हे नियमांत कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा ते सचिवाचं असायला हरकत नसावी.

‘मुद्दा असा,’ मुद्दा म्हणाला, ‘की सचिवांना मत नसतं.’

‘मत नाही सांगत, सर. नियम वाचून दाखवते.’

आणि तिने तो वाचला, सत्र राखून ठेवण्याचा, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. पुटपुटत नव्हे, आवाज काढून. वाचताना तिचे कान तापले, पण शब्द अडखळले नाहीत. कुलगुरूंनी उसासा टाकला, मुलीकडे वळले आणि म्हणाले, बोल. सगळे त्या दोन शब्दांची वाट पाहू लागले. मुलीने पाठीमागचे हात पुढे आणले.

‘तो शब्द मला सकाळीच दिसला होता, मॅडमच्या तोंडाकडे बघून,’ ती म्हणाली. ‘पण तो मागायचा शब्द आहे हे कळलं नव्हतं.’

सचिवाने डोळे मिटले. प्रॉम्प्टरचं नाव स्टेजवरून घेऊ नये एवढंही या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. मुलगी मात्र निरागसपणे पुढे बोलत होती. ‘मला परत यायचंय, सर. आई उभी राहिली की मी येते. तोवर माझी जागा ठेवा.’

‘म्हणजे सकाळीच सांगून झालं होतं तर,’ मुद्दा हळूच म्हणाला, आणि त्याने या वाक्याला आपला नेहमीचा आरंभही लावला नाही, इतका तो खूश होता. शिवाय मुलीने ठरलेले शब्द वापरलेच नाहीत, तेव्हा ही नियमातली मागणी कशी म्हणायची, असंही त्याने विचारलं. सगळ्यांनी कुलगुरूंकडे पाहिलं. कुलगुरू किंचित उजवीकडे कलले, सवयीने, कान तिच्या बाजूला करून. पुढची ओळ तिच्याकडे तयार होती. ती जिभेवर आली, दातांपर्यंत आली. मग तिने त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. खांदे खाली होते, सैल. श्वास पोटात होता. हा माणूस विसरला नव्हता, विचार करत होता. तिने ओठ बंद ठेवले. शांतता लांबत गेली. कुणाच्या तरी खुर्चीचा पाय करकरला, बाहेर पायऱ्यांवर मुलं कशालातरी खदखदून हसली. आयुष्यातली सगळ्यांत कठीण ओळ तिने त्या वेळी दिली नाही.

‘जागा ठेवा आणि राखून ठेवा, यात मला फरक दिसत नाही,’ कुलगुरू शेवटी म्हणाले. वाक्य साधंच होतं, तिने लिहिलं असतं तर जास्त गोळीबंद झालं असतं. पण त्यांचं स्वतःचं होतं. ‘मागितलंय तिने. लिहा, बाई.’

मुलगी ‘थँक यू’ म्हणून गेली, आणि ते कुठे लिहायचं हा प्रश्न या खेपेला तिला पडला.

संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये कुलगुरू तिच्यासाठी थांबले. त्यांना सकाळी दिसलं होतं का, हे त्यांनी सांगितलं नाही. चष्मा काढून, पुन्हा लावून ते म्हणाले की ‘मुद्दा’ शुक्रवारी मुलाखतीच्या मंडळावर आहे, आणि आजचा प्रसंग तो तिथे काढणार, हे तिने धरून चालावं.

‘गेली चार वर्षं मला एकच शंका होती,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला स्वतःचं मत आहे की नाही. आज फिटली. बरं वाटलं असं म्हणत नाही.’

‘नका म्हणू, सर,’ ती म्हणाली.

‘आणि शुक्रवारी अडलात, तर तुम्हाला कोण सांगणार?’

‘कुणी नाही. थांबेन थोडी.’

ते हसले की खोकले, ते जिना उतरता उतरता नीट कळलं नाही. ती एकटीच ग्रंथालयाच्या पायऱ्यांसमोरून रस्त्याला लागली. दिवे लागत होते, कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानातून गरम कापडाचा वास येत होता, आणि चालता चालता तिच्या मनाने आपोआप हिशेब जुळवायला घेतला, जसा तो रोजच घेई. मुलीचं एक वर्ष गेलं, पण जागा राहिली. कुलगुरूंची जेवणानंतरची डुलकी गेली आणि पुढची ओळ सांगणारी बाई गेली. ‘मुद्दा’चं काहीच गेलं नाही, त्याचं कधी जात नसे. उंच पाठीची खुर्ची शुक्रवारपर्यंत अधांतरी होती, आणि राखाडी सोडून दुसरं काय घालावं हे वहिनीला विचारावं लागणार होतं. उरला तिसऱ्या अंकातला एक विसर. तो वहिनीचा होता, आणि त्याची भरपाई इतकी वर्षं हिने केली होती, दर बैठकीला थोडी थोडी, मान खाली घालून. आज शेवटचा हप्ता गेला, आणि पावती फाटली ती इस्त्रीवाल्या मुलीच्या नावाने.